पोती भरली, पुढे काय?

रविवारी सकाळी शहरातील एखाद्या उद्यानात पंधरा-वीस माणसे हातमोजे घालून कचरा वेचताना दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. निवृत्त मंडळी, महाविद्यालयीन विद्यार्थी, एखाद्या कार्यालयातील सहकारी असे सारे दोन तास राबतात. झुडपांत अडकलेली वेष्टने काढतात, बाकांखालच्या बाटल्या गोळा करतात. भरलेली पोती प्रवेशद्वाराशी रांगेने ठेवली जातात, छायाचित्र निघते आणि मंडळी घरी परततात. बातमी येथे संपते. प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो. ही पोती उचलणार कोण आणि केव्हा?

हा प्रश्न किरकोळ नाही, याचा धडा मुंबईतील वर्सोवा किनाऱ्याने दिला आहे. तेथे ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्याच्या साथीने कचरा उचलण्यास प्रारंभ केला. पुढे दर शनिवार-रविवारी शेकडो हात त्यांना येऊन मिळाले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्काराने गौरविले. मे २०१७ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या मोहिमेची दखल घेतली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाह यांनी ही मोहीम थांबविल्याचे जाहीर केले.

स्वयंसेवकांचा उत्साह मात्र आटला नव्हता. गुंडांकडून होणारी शिवीगाळ आणि गोळा केलेला कचरा उचलण्यातील प्रशासकीय दिरंगाई, ही कारणे शाह यांनी दिली होती. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या वेळी मदतीची ग्वाही दिल्यानंतर काम पुन्हा सुरू झाले. जगाने गौरविलेल्या मोहिमेची ही गत होत असेल, तर एखाद्या प्रभागातील उद्यानात धडपडणाऱ्या वीस जणांना कोण विचारतो? प्रत्येक अडचणीत मुख्यमंत्र्यांनी लक्ष घालावे, ही काही व्यवस्था नव्हे.

दिरंगाईचे मूळ बहुधा खात्यांच्या विभागणीत असते. मुंबई महापालिकेचेच उदाहरण घेतले तर उद्यानांची देखभाल उद्यान खात्याकडे, तर कचऱ्याची वाहतूक घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे आहे. कचरागाड्यांच्या फेऱ्या व वेळा ठरलेल्या असतात. रविवारी अकरा वाजता अचानक उभी राहिलेली तीस पोती त्या वेळापत्रकात बसत नाहीत. मग ती पडून राहतात, भटकी कुत्री ती फाडतात आणि वाऱ्याबरोबर वेष्टने पुन्हा झुडपांत जाऊन बसतात. दोन तासांचे श्रमदान दोन दिवसांत मातीमोल होते. कचरा फेकणाऱ्यापेक्षा हा अनुभवच स्वयंसेवकाला अधिक खचवितो.

दुसरा मुद्दा पोत्यांत काय भरले आहे याचा. ज्याला भंगारात भाव आहे, ते उद्यानात फार काळ टिकत नाही. पाण्याची बाटली, पत्र्याचा डबा, पुठ्ठा हे कचरावेचक आधीच उचलून नेतात. हेच आपले खरे पुनर्चक्रीकरण आणि तेही बहुतांशी अल्प मोबदल्यात चाललेले. मागे उरतात ती वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने, थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या सापडतातच. चकचकीत वेष्टनात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावीत नाही. स्वयंसेवक वेचतात तो मुख्यत्वे हा बिनभावाचा कचरा.

या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम केंद्राने २०१६ मध्ये केले. पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत, असेही त्यात म्हटले होते. परंतु २०१८ च्या दुरुस्तीने त्या तरतुदीला वाट करून दिली. ज्या वेष्टनापासून ऊर्जा मिळू शकते किंवा ज्याचा अन्य उपयोग होऊ शकतो, ते बंदीतून सुटले. महाराष्ट्राची २०१८ ची प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासूनची एकदाच वापरायच्या वस्तूंवरील देशव्यापी बंदी यांतही वेफर्सचे पाकीट शाबूत राहिले. कारखान्यातून सुटलेले ते पाकीट अखेर उद्यानातील आजोबांच्या हातमोज्यात येते.

आणि पोती उचलली गेली तरी कचरा नाहीसा होत नाही, केवळ जागा बदलतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार क्षेपणभूमीला लागलेल्या आगीचा धूर परिसरातील वस्त्यांनी दिवसेंदिवस सोसला. आपले उद्यान स्वच्छ झाले म्हणून शहर स्वच्छ झाले, असे मानणे म्हणजे आपल्या अंगणातील केर शेजारच्या दारात लोटण्यासारखेच आहे.

मग या श्रमदानाला अर्थच नाही काय? तसे मुळीच नाही. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. अनेक वर्षांनी तेथे हे दृश्य दिसले होते. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या या भूमीत श्रमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मात्र श्रम वाया जाऊ नयेत, यासाठी काही गोष्टी अवघड नाहीत. मोहिमेची तारीख विभाग कार्यालयाला आधी लेखी कळवावी आणि गाडीची वेळ ठरल्याखेरीज पहिले पोते उघडू नये. ओला, सुका व घातक कचरा जागेवरच वेगळा करावा. त्या भागातील कचरावेचकांना सोबत घेऊन विकाऊ माल त्यांच्या स्वाधीन करावा. आणि कोणत्या कंपनीची किती वेष्टने सापडली, याची नोंद करून ती महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी. पालिकेनेही प्रत्येक उद्यानासाठी एक जबाबदार अधिकारी नेमून रविवारची एक फेरी राखून ठेवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

नागरिक कमरेत वाकायला तयार आहेत. आता ताठ कण्याने जाब विचारण्याची आणि तो देण्याची वेळ आहे. प्रवेशद्वाराशी पडून राहिलेले प्रत्येक पोते पुढच्या रविवारी येणारा एक माणूस कमी करते.