अबोला म्हणजे शांती नव्हे



‘आम्ही कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही,’ असे अभिमानाने सांगणारी माणसे आपल्या समाजात पुष्कळ आढळतात. शेजाऱ्याशी दहा वर्षे बोलणे नाही, सख्ख्या भावाकडे जाणे-येणे नाही, उपासनामंदिरात अमुक मनुष्य कोणत्या बाकावर बसला आहे हे पाहून आपली जागा ठरवावयाची. आणि इतके असूनही, भांडण होत नाही त्या अर्थी आपण शांतीने राहतो, असा त्यांचा समज असतो. हा समज आम्हांस मुळीच मान्य नाही. इब्री भाषेतील ‘शालोम’ ह्या शब्दाच्या मुळाशी पूर्णत्वाची, अभंगपणाची कल्पना आहे. फुटलेली घागर कोपऱ्यात निमूट पडून राहिली, म्हणून ती अभंग झाली असे कोणी म्हणेल काय?

ह्या बाबतीत लहान मुले वडील माणसांहून शहाणी दिसतात. मधल्या सुटीत झालेली कट्टी शाळा सुटेपर्यंत बहुधा टिकत नाही. खेळाला गडी कमी पडतो, हेच बट्टीचे खरे कारण असेल, असू द्या. ज्याच्यावाचून आपला खेळ अडतो त्यास परत हाक मारण्यात कमीपणा नाही, एवढे त्यांना कळते. मिसरूड फुटताच हे ज्ञान कोठे जाते, कोण जाणे!

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोन स्त्रियांचा उल्लेख आहे. वाचताना त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. युवदीया आणि सुंतुखे ही त्यांची नावे. दोघीही सुवार्तेच्या कामी पौलाबरोबर झटलेल्या, आणि दोघींमध्ये बेबनाव झालेला. पौल त्या वेळी बंदिवासात होता. तरीही स्वतःच्या संकटात गढून न जाता तो ह्या दोघींचा प्रश्न हाती घेतो. भांडण कशाचे होते, चूक कोणाची होती, ह्याविषयी तो एक अक्षरही लिहीत नाही. मात्र विनंतीचे क्रियापद तो दोनदा योजितो. एकदा एकीसाठी आणि पुन्हा दुसरीसाठी. दोघींना एका ओळीत उभे करून दटावावे, तसे तो करीत नाही. (आम्हां शिक्षकांस हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) इतकेच नव्हे, तर मंडळीतील एका सोबत्यास तो दोघींना साहाय्य करावयास सांगतो. दोघांचे बिनसले असता इतरांनी दुरून मौज पाहावी, हे त्यास पसंत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण पाहावयाचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या घरचे पाहावे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर जणू आकाशच कोसळले. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे सुटलेले नव्हते. त्यांचा स्वयंपाक निराळा आणि पाणीही निराळे. टिळक स्वभावाने शीघ्रकोपी होते, आणि ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाईंनी ही गोष्ट झाकून ठेविलेली नाही. तथापि धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. तिच्या मनास पटेपर्यंत ते थांबले, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. एका छपराखाली दोन निराळे स्वयंपाक, आणि तरीही परस्परांशी बोलणे चालू, वाद चालू, विनोदही चालू! चूल एकच, परंतु सासू-सुनेत किंवा बाप-लेकात शब्दाची देवघेव नाही, अशा घरापेक्षा हे घर अधिक शांतीचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे कोणी विचारील की, मग अन्यायही मुकाट्याने सोसावा काय? मुळीच नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सर्वांशी शांतीने राहण्याचा उपदेश करताना पौलाने त्यास दोन मर्यादा घातल्या आहेत. ते शक्य असेल तर, आणि जेवढे आपल्या हाती असेल तेवढे. दुसऱ्याच्या वाट्याचे काम आपल्याकडून होणारे नव्हे. दांडगा मुलगा दुबळ्याचा डबा हिसकावून घेतो, आणि आपण त्या दुबळ्यासच ‘गप्प बैस, तंटा नको’ म्हणून बजावितो. ही शांती नव्हे, ही केवळ आपली सोय झाली. अशा वेळी जो विद्यार्थी उठून शिक्षकांना सांगतो, त्यास चुगलखोर म्हणणे अगदी गैर आहे.

परंतु आपल्या हाती जेवढे आहे, ते तरी आपण करितो काय? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून समेटासाठी आधी जावयाचे आहे ते कोणी? ज्याच्या मनात राग आहे त्याने, असे तेथे नाही. ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने जावयाचे आहे. ‘माझ्या मनात काही नाही, त्यालाच राग आहे,’ ही आपली नेहमीची सबब तेथे चालत नाही.

नाताळात करंज्या-लाडवांची ताटे घरोघर जातात. ती पोहोचविण्याचे काम बहुधा मुलांकडे असते, आणि कोणते दार वगळावयाचे, हे त्यांना न सांगताच कळलेले असते. पालकांस आमची विनंती अशी की, येत्या नाताळात त्या दारीही एक ताट जावे, आणि ते मुलाच्या हाती न देता आपण स्वतः न्यावे. ताट आतून तसेच परत आले तर आले. पौलाने घातलेली ती दुसरी मर्यादा अशाच प्रसंगासाठी आहे.