नव्या घरातील रोवणी

आषाढात भंडारा जिल्ह्यातील बांध्यांत धानाचे पऱ्हे उपटून रोवले जातात. रोप आरंभी पिवळे पडते, मूळ धरल्यावर हिरवे होते. कास्तकार ते रोज उपटून पाहत नाही. विधवा मातेच्या पुनर्विवाहानंतर नव्या घरी आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाबाबत मात्र आप्तांना हा धीर नसतो. ‘बाबा म्हण’ हा आग्रह पहिल्याच दिवशी! त्याचे मौन उद्धटपणा ठरते.

अशाच एका मातेच्या प्रकरणात २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपत्याचे आडनाव ठरविण्याचा तिचा अधिकार मान्य केला. तिच्या पतीची ‘सावत्र पिता’ अशी नोंद करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश जवळजवळ क्रूर असल्याचे म्हटले. कागदावरचा ‘सावत्र’ गेला. शेजाऱ्यांच्या तोंडचा कोण पुसणार?

मुलगा बदलतो तो सावकाश. एके सकाळी नव्या धाकट्या बहिणीला तो आपणहून सायकलवर मागे बसवितो. ‘बाबा’ हा शब्द त्यानंतर केव्हा तरी येतो.