पीयूसी आहे, ब्रेकचं काय?

गाडीतून धूर किती निघतो हे सरकार दरवर्षी तपासतं. गाडी थांबते का, हे पंधरा वर्षांनी! अतिशयोक्ती नाही. खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, आणि तोवर एकही इन्स्पेक्टर तिच्याखाली डोकावत नाही. टॅक्सीला, ट्रकला फिटनेस आहे. तुमच्या-आमच्या एमएच-३२ वाल्या कारला फक्त पीयूसी. ब्रिटनमधे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि त्यात ब्रेकचे रबरी होजसुद्धा पाहतात. आपल्याकडे असं काही आणलं तर आरटीओबाहेर आणखी एक एजंट टेबल टाकून बसेल, हे मलाही कळतं. तरी आणा, असंच माझं मत आहे. पण तोवर आपल्या गॅरेजांमधे जे चालतं त्यावर आधी बोलू.

चाक वळतं, खड्ड्यात खाली-वर होतं, म्हणून लोखंडी ब्रेक लाईन थेट कॅलिपरला जोडता येत नाही. मधे बोटाएवढा जाड रबरी होज असतो. आत रबर, त्यावर धाग्यांची वीण, वर परत रबर. हे रबर ब्रेक ऑईल सोसेल असं बनवतात. डिझेल आणि इंजिन ऑईलने मात्र ते फुगतं, मऊ पडतं. आणि आपण पावसाळ्याच्या तोंडावर काय करतो? गाडी वर उचलून खालून जळक्या ऑईलचा नाहीतर डिझेलचा फवारा मारून घेतो. गंज लागत नाही म्हणे! पत्रा वाचवायला ब्रेकचं रबर मारायचं, आणि वर त्याचे पैसे द्यायचे.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. मागच्या दिवाळीत बाबांची कार वर्ध्याच्या एका गॅरेजमधे ब्रेक पॅड बदलायला नेली होती. पोराने कॅलिपर खोलला आणि दिला सोडून. तीन-चार किलोचा लोखंडी गोळा त्या होजवर लोंबकळतोय! मी म्हटलं, तारेने बांध ना वर. तर मालक म्हणतात, "काही नाही होत जी भाऊ, वीस वर्षं झाले असंच करतो." होत असतं हो, फक्त गॅरेजमधे दिसत नाही. आतलं रबर चिरतं, त्याची साल सुटते आणि झडपेसारखी बसते. पाय उचलला तरी ऑईल परत येत नाही, चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते. मग म्हणायचं, 'अलाइनमेंट गेलं'.

'ब्रेक लागतात ना, मग कशाला?' हा आपला राष्ट्रीय युक्तिवाद. गावात बैल आडवा आला म्हणून लावलेला ब्रेक आणि समृद्धीवर १२० ने जाताना करकचून दाबलेला ब्रेक, यात होजवरचा दाब सारखा नसतो. कमजोर होज फुटायचा तो नेमका जास्त दाबाच्या वेळी. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग थेट प्रॉडक्शनमधे, आणि युजर कोण, तर आई-बाबा. दोन सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं चालतं, हे खरं. पण तेव्हा पॅडल खोल जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. सत्याग्रही घाटाच्या उतारावर पुढच्या ट्रकने तेवढं अंतर दिलं तर ठीक. समृद्धीवर अपघात वाढल्यावर २०२३ मधे टायर तपासायला लागले. बरंच झालं. टायर उभ्याने दिसतो, होज पाहायला वाकावं लागतं.

'कंपनी बघून घेईल' म्हणणाऱ्यांसाठी: मे २०१८ मधे मारुतीने स्विफ्ट आणि बलेनोच्या ५२,६८६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, ब्रेकच्या व्हॅक्यूम होजमधे दोष असण्याच्या शक्यतेमुळे. (हा होज वेगळा. तो गेला तर पॅडल दगडासारखं कडक होतं.) म्हणजे कारखान्यातल्या चुकीसाठी कंपनी बोलावते. हिंगणघाटचं दहा वर्षांचं ऊन, चाकात अडकून वाळलेली काळी माती आणि वॉशिंगवाल्याचं डिझेल यासाठी कुणी फोन करत नाही.

पाहायला अक्कल फार लागत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवा, टॉर्च मारा, होज जरा वाकवा. बारीक चिरा, ओल, पीळ, टायरला घासल्याची चकाकी, काहीही दिसलं की बदला. एकाने पॅडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने होजकडे पाहायचं. फुगा आला तर त्या गाडीत बसून घरीसुद्धा जाऊ नका. ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी बदला. होज एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त येतो, तेव्हा पुढचे दोन्ही एकदमच टाका, नंतर हवा नीट काढून घ्या. आणि लांबी धरून ठेवणारी क्लिप परत बसवली का, ते स्वतः पाहा. ती बहुतेक वेळा गॅरेजच्या फरशीवरच राहते. रुंद टायर टाकले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून दाखव म्हणावं, पैसे द्यायच्या आधी.