रंगाआधी पाया

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या भोंगवलीकडच्या वस्त्यांतून हार्डबोर्ड नाहीतर मांजरपाट पुढ्यात घेऊन रंगवायला बसलेली मुले दिसतात. त्यांच्या हातात कसब आहे. पण पावसाळा सरला की विहारात टांगलेल्या त्याच चित्राचे पोपडे सुटू लागतात आणि आपण म्हणतो, रंग हलका निघाला. दोष बहुधा रंगाचा नसतो, खालच्या पायाचा असतो.

अजिंठ्याच्या कारागिरांनी उघड्या दगडावर रंग लावला नाही. खडबडीत कातळावर त्यांनी आधी मातीचा गिलावा दिला. माती तडकू नये म्हणून तीत भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू घातले. वरून चुन्याचा पातळ हात दिला, मगच चित्र काढले. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी सुमारे पंधराशे वर्षे नजर झुकवून उभा आहे. जिथे गिलावा सुटला, तिथे मात्र चित्रही गेले.

आज हेच काम ॲक्रिलिक जेसो करतो. जेसो हा जिप्समसाठीचा इटालियन शब्द. युरोपात पूर्वी खडूची किंवा जिप्समची पूड सरसात कालवून लाकडी फळीवर लावत. आता सरसाच्या जागी ॲक्रिलिक आले. जेसो लावलेला बोर्ड रंग अधाशासारखा पीत नाही आणि किंचित खरखरीत राहिल्याने रंगाला धरून ठेवतो.

कृती सोपी आहे. हार्डबोर्डची गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरने हलकी घासा, धूळ पुसा. मांजरपाट असेल तर आधी चौकटीवर ताणून घ्या. दोन इंची चपट्या ब्रशने जेसोचा पातळ थर आडवा द्या. घट्ट वाटला तर पाणी अगदी थोडेच घाला. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पेपरने हलके घासून दुसरा थर उभा द्या, तिसरा पुन्हा आडवा. एकच जाड थर देऊन वेळ वाचवू नका, तो तडकतो. आडव्या-उभ्या हातांनी कापडाच्या विणीसारखा पोत येतो. चेहऱ्यासाठी गुळगुळीत हवा असेल तर प्रत्येक थर नीट घासा, खडबडीत हवा असेल तर शेवटचा थर ओला असताना स्पंजने टिपा. बोर्डाच्या पाठीला आणि कडांनाही एक हात द्या, म्हणजे तो वाकणार नाही. आपल्याकडच्या पावसात वाळायला जास्त वेळ लागतो, घाई नको. वर ऑइल कलर लावायचा असेल तर तीन दिवस थांबा. जुन्या ऑइल पेंटच्या चकचकीत बोर्डावर मात्र जेसो टिकत नाही. ब्रश लगेच धुवा, वाळला की कामातून गेला.

बाटली महाग वाटते, हे आम्ही जाणतो. फेव्हिकॉलमध्ये खडूची पूड आणि पाणी कालवून सरावापुरते भागते, पण ओल लागली की ते मऊ पडते. विहारातल्या चित्रासाठी चार घरांनी मिळून एक बाटली घ्यावी. जयंतीच्या वर्गणीत हा खर्च सहज बसेल.

अजिंठ्यातल्या बहुतेक चित्रकारांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. आपल्या मुला-मुलींना चित्राच्या पाठीवर स्वतःचे नाव, गाव आणि साल लिहायला जरूर सांगा.