फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा!

मंडळी, आपल्याच भागातल्या एका शाळेतला प्रकार आहे. नाव घेत नाही, पण गप्पही बसवत नाही.

संगणक कक्षातली सगळी मशीन उबुंटूवर. "डिस्क भरली" असा इशारा यायला लागला म्हणून कुणीतरी साफसफाई केली. बूट फोल्डरमध्ये मोठमोठ्या फायली दिसल्या, उडवल्या. दुसऱ्या दिवशी चार मशीन काळ्या पडद्यावर अडकली. फाइल सापडत नाही, आधी कर्नल लोड करा, एवढाच मेसेज.

मेंटेनन्सवाला आला आणि दहा मिनिटांत निकाल देऊन मोकळा: "लिनक्सचं असंच असतं सर. फॉरमॅट मारू, विंडोज टाकू." लायसन्स? "ते बघू." म्हणजे चोरीचं! आणि मुलांचे प्रोजेक्ट त्याच डिस्कवर होते, त्याचं काय? ते कुणी विचारलंच नाही.

अहो, उडाला होता तो फक्त कर्नल. गाडीचं इंजिन काढलं म्हणून डिकीतलं सामान जातं का? मुलांचं काम होम फोल्डरमध्ये सुखरूप होतं.

दोन मशीनवर जुना कर्नल शिल्लक होता. ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तो निवडला, मशीन सुरू. उरलेली दोन पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह उबुंटूने उठवली. मूळ डिस्क आणि बूटचं वेगळं पार्टिशन माउंट केलं, सीएचरूटने आत शिरलो, कर्नलचं पॅकेज पुन्हा टाकलं, शेवटी अपडेट-ग्रब. एका संध्याकाळचं काम. खर्च? दोन कप चहा.

चूक झालीच होती, पण ती लिनक्सची नाही. बूटमधल्या फायली हाताने उडवायच्या नसतात. त्यासाठी 'आप्ट ऑटोरिमूव्ह' आहे, ते चालू कर्नलला हात लावत नाही. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याला त्याला दिलाच का? विंडोजच्या सिस्टिम फायली अशा उडवल्या असत्या, तर ते काय हसत सुरू झालं असतं?

केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्स वापरतात. तिथे शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे मशीन येतात, फोटो निघतात, पुढे देवाच्या भरवशावर.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत एकच मागणी करा: आधी डेटाची कॉपी, मग बिघाडाचं लेखी कारण, आणि सगळे उपाय थकले तरच फॉरमॅट. हे मेंटेनन्सच्या करारातच लिहून घ्या. पैसा आपला आहे, आणि डिस्कवरचं काम आपल्या पोरांचं!