रोमनंतर व्हेनिस नको, पालेर्मोला जा

दिवाळीच्या सुट्टीत इटलीला जायचं ठरलं की पहिला मुक्काम ठरलेला असतो, रोम. चर्चा होते ती दुसऱ्या मुक्कामाची. खरं तर तीही होत नाही. टूर कंपनीच्या पत्रकावर फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आधीच छापलेलं असतं आणि आपण फक्त नाश्ता फुकट आहे का एवढंच विचारतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. दुसरा मुक्काम उत्तरेकडे नको, दक्षिणेकडे असावा. सिसिली बेटावरच्या पालेर्मोत.

व्हेनिस सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण ते आता राहत्या माणसांचं शहर उरलेलं नाही. 1951 साली जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, आज पन्नास हजारही नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने गेली आणि घरवाले खाडीपलीकडे गेले. 2024पासून ठरावीक दिवशी, एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून शहरात शिरायचे 5 युरो घेतले जाऊ लागले. त्यात शरद ऋतू म्हणजे तिथे उधाणाच्या पाण्याचे दिवस. 12 नोव्हेंबर 2019 रोजी पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. पुढच्या वर्षापासून खाडीच्या तोंडाशी दरवाजे उचलून ते अडवलं जातं.

पण माझा मुख्य आक्षेप गर्दीवर किंवा पाण्यावर नाही. तो या मार्गाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीवर आहे. रोममध्ये साम्राज्य पाहायचं आणि तिथून थेट फ्लॉरेन्सच्या प्रबोधनात उतरायचं. मधली हजार वर्षं रेल्वेच्या दीड तासात गायब! प्रवासी घरी येतो तो हा समज घेऊन, की युरोप स्वतःच्याच मातीतून उगवला, कुणाचं काही घेतलं नाही, कुणाचं काही देणं लागत नाही. पालेर्मो हा समज मोडून काढतं.

इ.स. 831मध्ये हे शहर अरबांच्या ताब्यात आलं, 1072मध्ये नॉर्मनांनी ते जिंकलं. जिंकणाऱ्यांनी पुढे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. राजा रॉजर दुसरा याच्या राजवाड्यातल्या चॅपलमध्ये भिंतींवर ग्रीक पद्धतीचं मोझाइक आहे आणि डोक्यावर मुकर्नस शैलीचं लाकडी छत, त्यावर कुफी लिपीतली अक्षरं. या ख्रिस्ती राजाच्या रेशमी शाही झग्यावर अरबी मजकूर भरतकामाने काढलेला आहे आणि साल दिलंय ते हिजरी 528. तो झगा आज व्हिएन्नात आहे. याच राजासाठी अल-इद्रिसीने 1154मध्ये जगाचा नकाशा पुरा केला, ज्यात दक्षिण वर आहे. कॅथेड्रलच्या दक्षिण दाराशी एका खांबावर कुरआनची आयत आजही वाचता येते. झीसा महालात 1149 सालचा एका ख्रिस्ती बाईचा स्मृतिलेख आहे, धर्मगुरू असलेल्या तिच्या मुलाने करवलेला. तो लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अशा चार लिप्यांत कोरलेला आहे.

नॉर्मन राजांच्या महसुलाचा दिवाणही अरबीत चाले. आपल्याला यात नवल वाटू नये. विजापूरच्या आदिलशाहीत सुलतान मुसलमान आणि महसुलाचं दप्तर मराठीत, हा इतिहास आपल्याच दख्खनचा आहे. सिसिलीतल्या काल्तानिसेत्ता, काल्ताजिरोने या गावांच्या नावातलं 'काल्ता' आणि आपल्या सह्याद्रीवरचा 'किल्ला' हे दोन्ही एकाच अरबी 'कलआ'चे वंशज. शब्दाला पासपोर्ट लागत नाही.

आता थोडं आपल्या लोकांना. पालेर्मोला जाऊन 'बघा, एकेकाळी हे सगळं आपलं होतं' असा उसासा टाकायचा असेल, तर जाऊ नका. ते तुमचं नव्हतं, माझंही नव्हतं. तिथे राहणाऱ्यांचं होतं. 973च्या सुमारास इब्न हौकल हा मुसलमान प्रवासी या मुस्लिम पालेर्मोत आला. शेकडो मशिदी पाहून तो भारावला नाही. उलट इथला प्रत्येक जण स्वतःच्या मोठेपणासाठी वेगळी मशीद बांधतो, असं त्याने लिहिलं, आणि कच्चा कांदा खाऊन लोकांची अक्कल गेली, अशी टरही उडवली. हजार वर्षांपूर्वीच्या माणसात स्वतःच्या समाजावर हसण्याची हिंमत होती. आपल्यात ती आज किती उरली आहे?

आणि ज्यांना नॉर्मन काळ म्हणजे सहिष्णुतेचा स्वर्ग वाटतो त्यांनी लुचेरा हे नाव लक्षात ठेवावं. रॉजरच्याच मुलीच्या मुलाने, फ्रेडरिक दुसऱ्याने, 1220च्या दशकापासून सिसिलीतले मुसलमान उचलून मुख्य भूमीवरच्या लुचेरात नेऊन बसवले. 1300 साली तीही वस्ती मोडली गेली आणि माणसं गुलाम म्हणून विकली गेली. छतावरची अक्षरं राहिली, ती वाचणारे राहिले नाहीत. एखाद्या समाजाची कला जपणं आणि तो समाज जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा धडा व्हेनिसच्या गोंडोल्यात बसून मिळत नाही.

'पण तिथे माफिया आहे ना?' हा प्रश्न हमखास येतो. आहे. त्याच्याशी लढणारेही तिथलेच आहेत. 1992मध्ये बॉम्बस्फोटात मारले गेलेले न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांचं नाव तिथल्या विमानतळाला दिलंय. खंडणी नाकारणाऱ्या दुकानदारांची चळवळ 2004पासून चालू आहे. एका टोळीवरून अख्खं शहर ओळखणं किती अन्यायाचं असतं, हे निदान मुसलमान वाचकाला समजावून सांगावं लागू नये.

खाण्याची चिंताही फारशी नको. मासळी मुबलक आहे, वांग्याची कापोनाता आहे, हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पानेल्ले तर मराठी जिभेला परके वाटणारच नाहीत. मात्र कान्नोलीच्या कवचात परंपरेने डुकराची चरबी असते, तेव्हा विचारून घ्या. ऑगस्टमध्ये सिसिली भाजून काढते. 2021मध्ये सिराकुझाजवळ पारा 48.8 अंशांवर गेला होता. ऑक्टोबरात अधूनमधून पाऊस असतो, पण हवा फिरण्याजोगी असते.

रोमहून विमानाने तासाभराचं अंतर आहे. वेळ असेल तर रात्रीची रेल्वे घ्या, मेसिनाच्या सामुद्रधुनीत तिचे डबेच जहाजावर चढवतात. तीन दिवस पालेर्मोला द्या, चौथा माझारा देल वाल्लोला. 827मध्ये अरब फौज तिथेच उतरली होती. आज तिथल्या जुन्या वस्तीत ट्युनिशियाहून आलेल्या कोळ्यांची कुटुंबं राहतात आणि इटालियन मालकांच्या बोटींवर काम करतात. विजय कुणाचा, पराभव कुणाचा, हा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत चालू राहील. बंदरावर हिशेब होतो तो दिवसाच्या मासळीचा.

पत्रकावर पालेर्मो छापलेलं नसेल, तर छापायला सांगा. पैसे आपले आहेत, सुट्टी आपली आहे. मग इतिहास तेवढा दुसऱ्याने निवडलेला का पाहायचा?