काचघराविना ऑर्किड

ऑर्किड हे श्रीमंतांच्या काचघरातच फुलणारे फूल आहे, असा समज रूढ आहे. हा समज परदेशातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात उष्ण प्रदेशांतील ऑर्किडची रोपे जहाजांतून इंग्लंडला नेली जात. तेथील थंडीत ती तगावीत म्हणून काचघरे उभारली गेली. आरंभी ही काचघरे इतकी तप्त आणि कोंदट असत, की असंख्य रोपे त्यांतच मेली. पुढे माळ्यांनी हवा खेळती ठेवली, तेव्हा कोठे ती जगू लागली. काचघर ही थंड देशाची गरज होती, ऑर्किडची नव्हे.

भारतात ऑर्किडच्या १,२०० हून अधिक जाती आढळतात. मराठीत ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखले जाणारे ऑर्किड आसामात ‘कपौ फूल’ होते आणि बिहूच्या वेळी तरुणींच्या केसांत माळले जाते. अशी अनेक ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर वाढतात. परंतु बांडगुळाप्रमाणे त्या झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांची मुळे उघड्या हवेत असतात. पाऊस आणि दव शोषून घ्यावे व पुन्हा कोरडे व्हावे, हा त्या मुळांचा स्वभाव आहे.

हा स्वभाव ओळखणे, हीच ऑर्किडच्या संगोपनाची गुरुकिल्ली होय. पूर्वेकडील खिडकीचे कोवळे ऊन, भोके असलेली मातीची कुंडी आणि तीत मातीऐवजी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढे साहित्य पुरते. ओली मुळे हिरवी दिसतात आणि सुकली की रुपेरी होतात. पाणी केव्हा द्यावे, हे त्यावरून कळते. दुर्लक्षापेक्षा अतिपाण्यानेच घरातील ऑर्किड अधिक मरतात. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात आणि कुजतात. नवशिक्याने डेंड्रोबियमसारख्या सोशिक जातीपासून आरंभ करावा. कोरड्या उन्हाळ्यात खडे व पाणी घातलेल्या ताटलीवर कुंडी ठेवल्यास भोवतीची हवा दमट राहते. मात्र कुंडीचा तळ पाण्याला टेकू नये.

प्रत्येक जात प्रत्येक घरी फुलेल, असे नाही. हिमालयाच्या थंडीत वाढणारे ऑर्किड मैदानी शहराच्या उन्हाळ्यात जगविण्याचा हट्ट व्यर्थ आहे. आपल्या हवामानाला मानवणारी जात निवडणे, यातच शहाणपण आहे.

या छंदाला एक नैतिक बाजूही आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अन्नाचा साठा नसल्यामुळे रानात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. म्हणून फांदीवरून ओरबाडलेल्या एका रोपाची जागा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. १९२२ मध्ये लुइस नड्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने बुरशीविना, साखरयुक्त माध्यमावर हे बी रुजवून दाखविले. आज अशा पद्धतींनी प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे रोपवाटिकांत सहज मिळतात. असे असताना रस्त्याच्या कडेला विकली जाणारी रानातील रोपे घेणे, म्हणजे एका फुलासाठी रान उजाड करण्यास हातभार लावणे होय. ऑर्किडवर खरे प्रेम असणाऱ्याने रानाचा स्वभाव घरी आणावा. रानातील रोप मात्र रानातच राहू द्यावे.